हसत न्हाय गेला

नळाला पाणी आलं की सीताआक्का कळशीच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधायच्या आणि पाणी गाळून घ्यायच्या. जैनाघरचा नेम, मंगळवार पेठेतल्या त्या घरात एक दिवसही चुकला नव्हता. त्या दिवशीही त्यांनी फडकं बांधलं, नळ सोडला आणि भांडी घासायला बसल्या.

कळशी भरली. फडकं सोडायला गेल्या तर ते हाताला जड लागलं. उलटून बघितलं, तर आत ओंजळभर वाळू. काळपट, बारीक... आणि तिला जळक्या तेलाचा वास.

नातसून आदितीनं पाणी जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "आक्का, खारट हाय की हे!"

शेजारच्यांच्या नळाला मात्र रोजचंच गोडं पाणी होतं.

"पाइप फुटली असंल कुठंतरी," आदिती म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

सीताआक्का फडकं धरून तशाच उभ्या राहिल्या. गाळण्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, असं आईनं शिकवलेलं. हे कुठं नेऊन सोडायचं?

त्यांचा थोरला भाऊ बाहुबली समुद्रात गेला होता. एकाहत्तरच्या लढाईत. नौदलात तो इंजिनावर होता, जहाजाच्या पोटात. जहाज बुडालं, देह काही मिळाला नाही. आज दुपारी पेठेतल्या चौकाला त्याचं नाव द्यायचं होतं.

लोकांना वाटायचं, म्हातारीला भावाचा अभिमान असेल. अभिमान होता, पण त्याच्याखाली संताप धुमसत होता, आणि तो जुना होता. लढाईनंतरच्या उन्हाळ्यात त्याच जहाजावरून वाचलेला एक जण घरी आला होता. सोप्यात बसून, मान खाली घालून त्यानं सांगितलं, जहाज कललं तेव्हा वरची माणसं पाण्यात उड्या टाकत होती आणि खालची... आतून लोखंडावर ठोकत होती. दार वाकून बसलं होतं. चौघांनी ओढलं, हललं नाही. "बाहुबली आमची नावं घेऊन हाका मारत हुता," तो म्हणाला. "मग शिव्या द्याय लागला."

वडिलांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. दार लावलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, "माझा ल्योक हसत गेला. दुसरं काय कुणाच्या तोंडातनं आलं, तर जीभ हासडीन."

वडील गेले. ते वाक्य मात्र उरलं. शाळेतल्या भाषणात, वर्तमानपत्रात, मंडळाच्या फ्लेक्सवर, जिकडंतिकडं 'हसत हसत जलसमाधी'. दरवेळी सीताआक्कांचे दात आपोआप आवळले जायचे.

दुपारी मांडव तापला होता. नावाच्या पाटीवर भगवं कापड टाकलेलं. मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह माइकपुढं उभे राहिले.

"आपल्या पेठेचा वाघ! मरण समोर दिसत असताना, हसत हसत..."

शब्द तिथंच अडकला. त्यांनी घसा खाकरला. नव्या बाटलीचं सील तोडून पाण्याचा घोट घेतला, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "हसत..." त्यांनी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून पाणी आलं. प्यायलेलं घोटभर नव्हे. काळपट पाणी, भळाभळा, सदऱ्यावरून, टेबलावरून खाली... थांबेचना. कार्यकर्ते पाठीवर थापट्या मारत होते. त्यांचे डोळे पांढरे झाले. मांडवभर जळक्या तेलाचा वास पसरला.

लोक खुर्च्या पाडत मागं सरले. सीताआक्का तेवढ्या पुढं गेल्या. त्यांनी माइक ओढून घेतला.

"हसत न्हाय गेला माझा अण्णा!" आवाज चौकाच्या पलीकडं गेला. "कोंडून मेला त्यो! ठोकून ठोकून मेला. शिव्या घालत मेला, आन् त्येचा हक्क हुता त्यो! भ्याला हुता. माणसानं भ्यायचं न्हाय व्हय? तुमाला भाषणाला वाघ पायजे, म्हणून मेलेल्या पोराच्या तोंडावर हसू चिकटवताय? लाज वाटत न्हाय?"

उदयसिंहांच्या तोंडचं पाणी थांबलं. ते धापा टाकत खाली बसले. पाटीवरचं कापड ओढायला कुणाचाच हात पुढं झाला नाही.

घरी आल्यावर आदितीनं भीत भीत नळ सोडला. पाणी गोडं होतं.

"झालं की, आक्का. सुटलं सगळं."

तेवढ्यात फोन वाजला. आक्कांनी घेतला. पलीकडं कुणी म्हातारी बाई होती.

"सीताबाई का? मी झुंबरबाई, साताऱ्याकडनं बोलतीया. आमचं मालक तुमच्या भावाच्याच जहाजावर हुतं. त्ये बी खालीच ऱ्हायलं."

"माझा नंबर कुणी दिला तुमाला?"

"तुमच्या भावानंच की..." आवाज अगदी दबका झाला. "दारात उभं हायती. आत या म्हटलं तर येईनात. मालकांचं खरं काय झालं त्ये आधी गावाला सांगा, म्हंत्यात."

सीताआक्कांनी फोन कानाला दाबून धरला.

"एकटाच हाय?"

पलीकडं खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"न्हाय वो... पार सडकेपतोर उभी हायती."