डोळे मिटून बघायचे सिनेमे

त्याचा हात पहिल्यांदा तिच्या डोक्यावर पडला तेव्हा ती ओरडली. साधंसुधं नाही... दोन खोल्या पलीकडे चहा गाळणाऱ्या मावशींच्या हातून गाळणं पडलं, इतकं.

आता यात तिचा तरी काय दोष? खोलीत अंधार, पडद्यावर भुताचा सिनेमा, आणि ही बाईसाहेब खुर्चीवर पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून, बोटांच्या फटीतून बघत बसलेली. त्यातून सिनेमाचा आवाज बंद. स्टुडिओतली दारं कधी कुरकुरत नाहीत, त्यामुळे कोणी आत आलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

"माफ करा," मागून आवाज आला. "खोली रिकामी आहे असं वाटलं. खुर्ची शोधत होतो, डोकं सापडलं."

तिनं दिवा लावला. उंच, सडपातळ, खांद्यावर पावसाचे थेंब, काखेत घडी केलेली पांढरी काठी. आणि नुकतंच कोणीतरी कानाशी किंचाळून गेल्याच्या मानानं स्वारी फारच खूश दिसत होती.

"दार वाजवायचं ना..."

"वाजवलं. जाड गादीचं दार आहे तुमचं, त्याला काय पत्ता लागतो. पण तुम्ही इथं गुपचूप काय करताय?"

"सिनेमा बघतेय."

"आवाज बंद करून?"

तिनं उशी पुन्हा पोटाशी ओढली.

"भुताचा?"

"...हो."

"अच्छा," तो चाचपडत शेजारच्या खुर्चीवर बसला. "म्हणजे त्या तुम्ही. गेला आठवडाभर तुमचा नमुना ऐकून मी डोकं खाजवतोय, या लिहिणारीचं नेमकं बिनसलंय कुठं."

तर आता थोडं हिच्या कामाबद्दल सांगायला हवं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती सिनेमे लिहायची. म्हणजे दोन संवादांच्या मधे जी जागा असते तेवढ्यात, पडद्यावर काय चाललंय ते चार शब्दांत सांगायचं. कोण आलं, कोण रुसलं, कोणाच्या हातात काय आहे. मग एक गोड आवाजाची बाई ते वाचायची आणि शेवटी एखादा दृष्टी नसलेला श्रोता येऊन ऐकून सांगायचा, जमलंय की नाही. दोन वर्षं तिनं ससे, अस्वलं आणि बोलणाऱ्या आगगाड्या लिहिल्या. सगळं कसं छान चाललं होतं. मग स्टुडिओच्या बाईंनी तिच्या हातात हा दोन बहिणींचा भयपट ठेवला.

घरात तिला सगळे भागूबाई म्हणायचे. लहानपणी पाल दिसली की ती पलंगावर चढून बसायची, म्हणून दादानं भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली. पुढे भित्री गळालं, भागूबाई तेवढं राहिलं, आणि दादा एकदा तिला न्यायला आला तेव्हापासून स्टुडिओतही तेच चिकटलं. अशा मुलीला भुताचा सिनेमा. बाईंनी वर बजावलं होतं, "मास्तर घाबरले पाहिजेत. तीन बुधवार देते. नाही जमलं तर तू आपली सशांकडे परत."

मास्तर म्हणजे हे. शाळेत इतिहास शिकवायचे आणि बुधवारी दुपारी मोकळे असायचे.

त्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासात मास्तरांनी सव्वीस वेळा हात वर केला. हात वर म्हणजे चूक. त्यापुढे तिनं मनातल्या मनात मोजणं सोडून दिलं.

"दार करकरतं," तो म्हणाला. "ते मी ऐकलं. लगेच तुमची बाई सांगते, दार हळूच उघडतं. अहो, कळलं. तुम्ही आवाज ऐकलाच नाहीत, म्हणून तुम्हाला वाटलं मलाही कळलं नसेल."

"बरं. आणि दुसरं?"

"दुसरं मोठं आहे. 'तिच्या मागे कोणीतरी उभं आहे, पण तिला ठाऊक नाही.' हे तुम्ही चार सेकंद आधी सांगता. भुताच्या पुढे धावत येता आणि म्हणता, मास्तर, येतंय हां, सांभाळा."

तिला हसूही आलं आणि रागही आला. "कोणी घाबरलेलं मला बघवत नाही," ती म्हणाली. "त्याला मी काय करू?"

तो किंचित तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "वाईट खोड नाही ही. सोडू नका. फक्त... भुताच्या सिनेमात जरा आवरा."

चहा मावशींनी आदळूनच दिला, गाळण्याचा राग अजून होता. दोघं व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीशी उभे राहिले. बाहेर पाऊस बारीक पडत होता. तिला एकच कोडं पडलं होतं. ज्याला पडदाच दिसत नाही त्याला भुताचे सिनेमे आवडतात, हे काय प्रकरण आहे?

"तीन सिनेमे सांगतो," तो म्हणाला. "नावं घरी जाऊन कळवीन, माझ्या डोक्यात ती वेगळीच आहेत. पहिला, ओल्या मोज्यांचा."

"मोज्यांचा?"

"एक कुटुंब असतं. घरात सतत कोणीतरी ओले मोजे घालून फरशीवरून चालतंय. चप... चप... आहात ना? घरातल्या सगळ्यांना ते ऐकू येतं. आणि कोणीही त्याबद्दल अक्षर काढत नाही. बोलणं चालूच. शाळा, औषधं, उद्याची भाजी. चप... चप."

"ईऽ. दुसरा?"

"उकळत्या पाण्याचा. बाई एकटी राहते. गॅसवर किटली शिट्टी घालतेय, ती फोनवर बोलतेय. शिट्टी वाढत जाते, वाढत जाते आणि थांबते."

"मग?"

"बाई फोनवरच आहे, भागूबाई. गॅस कोणी बंद केला?"

तिनं कप दोन्ही हातांनी धरला. "तिसरा नको," ती म्हणाली, आणि दोन घोट घेऊन झाल्यावर, "...कुठला आहे तिसरा?"

"लपाछपीचा. पोरगी खिडकीशी तोंड करून मोजतेय. चौदा, पंधरा, सोळा खिडकीपाशी. सतरा पलंगाखालून येतं."

"झालं. आता मी पलंगावर झोपणार नाही."

"बघा म्हणजे झालं. आणि बघताना डोळे मिटून बघा."

रविवारी भर दुपारी, दादाला शेजारी बसवून, डोळ्यांवर ओढणी बांधून तिनं तिन्ही सिनेमे ऐकले. दादा आधी खूप हसला. किटलीची शिट्टी थांबली तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं, आणि थोड्या वेळानं तो स्वयंपाकघरात जाऊन आपला गॅस नीट बंद आहे ना, हे बघून आला. हिची तर दातखीळ बसायचीच बाकी होती. पण घाबरता घाबरता तिला एक गंमत कळली. आवाजानं तिला फारसं काही होत नव्हतं. आवाज थांबला की जीव गोळा व्हायचा. इतकी वर्षं ती नेमकी तीच शांतता भरून काढायला धावत होती.

दुसऱ्या बुधवारी ती तासभर आधी येऊन बसली. का, असं कोणी विचारलं असतं तर तिनं कामाचं कारण दिलं असतं. आरशात दोनदा बघून आली होती, हे त्या कारणात कुठं बसत होतं देव जाणे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी केस विंचरायचे म्हणजे कमालच. पण तिनं विंचरले.

त्या दिवशी हात नऊ वेळा वर गेला.

"प्रगती आहे," तो म्हणाला. "पण अजून घाबरलो नाही. तुम्ही ओढणी बांधली होतीत म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या दादानं. मघाशी फाटकाशी भेटला. मला म्हणाला, तुमच्यामुळे आमच्याकडे किटली बंद आहे, पातेल्यात चहा करतो."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तोही हसत होता. मग हसू ओसरलं, आणि तिनं आठवडाभर मनात असलेलं विचारलं. "तुम्हाला कशाची भीती वाटते? सिनेमातली नाही. खरी."

"आहात ना?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हे मी बोलताना मधूनच विचारतो, लक्षात आलं असेल तुमच्या. त्याचीच भीती." त्यानं कप खिडकीत ठेवला. "दोन वर्षांपूर्वी स्थळ म्हणून एका मुलीला भेटलो. हॉटेलात, छान टेबल वगैरे. मी तिला मोज्यांचा सिनेमा सांगत होतो. रंगात आलो होतो, चप चप सगळं करून दाखवलं. शेवटही सांगितला. मग म्हटलं, कसा वाटला? उत्तर नाही. वेटर आला आणि म्हणाला, मॅडम मघाशीच गेल्या. मी हात पुढे करून बघितलं. खुर्ची टेबलाला नीट लावलेली होती. सरकवली असती तर घासल्याचा आवाज आला असता ना. तिनं ती उचलून ठेवली होती. एवढी काळजी घेतली बघा."

हे त्यानं हसत सांगितलं, वर्गात किस्सा सांगावा तसं. तिला मात्र हसता येईना. त्या न पाहिलेल्या मुलीचा तिला असा संताप आला की तिनं हातातला कप खिडकीत आदळला. त्या संतापातच तिला कळून चुकलं, की आपलं काही खरं नाही. आपण या माणसात पुरते अडकलो.

आणि आता पंचाईत अशी होती की काम जमलं तर मास्तरांचं काम संपणार, नाही जमलं तर तिचं. दोन्हीकडून बुधवार जाणार होते.

तरी ती लिहायला बसली. सिनेमाच्या शेवटी धाकटी बहीण स्वेटर उसवत बसलेली असते आणि थोरलीशी बोलत असते. थोरलीच्या उंच पाठीच्या खुर्चीकडे कॅमेरा अगदी सावकाश फिरतो. तिनं आधी लिहिलं होतं, "थोरलीची खुर्ची रिकामी आहे, धाकटीला ते माहीत नाही." प्रसंगाच्या सुरुवातीलाच. तिनं ते खोडलं. तिथं काहीच लिहिलं नाही. दोन मिनिटं धाकटीला नुसतं बोलू दिलं.

तिसऱ्या बुधवारी मास्तरांचा हात मांडीवरच राहिला. एकदाही हलला नाही. शेवटचा प्रसंग आला. धाकटी बोलत होती, बालपणाचं, आईचं, एकदा हसलीसुद्धा. लोकर सुटत असल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. "तुला आठवतं का गं?" धाकटीनं विचारलं. काही नाही. "ताई?" काही नाही. मग वाचणाऱ्या बाईचा आवाज आला.

"खुर्ची रिकामी आहे. शाल घडी घालून ठेवली आहे."

मास्तरांचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. पुढच्या क्षणी ते उठले आणि एक शब्द न बोलता दारातून बाहेर गेले.

ती तशीच बसून राहिली. पडद्यावर नावं सरकत होती. शेजारची खुर्ची मोकळी होती, आणि आपण काय करून बसलो ते तिच्या आता ध्यानात आलं. माणसानं विश्वासानं सांगितलेलं दुखणं तिनं उचललं आणि त्यालाच ऐकवलं. सशांकडे परत गेलेलं बरं. तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती त्याला शोधायला निघाली.

तो जिन्यात होता, वरून तिसऱ्या पायरीवर, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसलेला.

"मी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"विचारलं असतंत तर घाबरलो असतो का?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पास. बाईंना सांगा, चांगलाच घाबरलो. न सांगता उठून आलो, चूक तर माझी. तुमच्यासमोर रडायचं नव्हतं." त्यानं नाक ओढलं. "दोन वर्षं मी तो किस्सा सगळ्यांना सांगतोय. सगळे हसतात. आज पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी ती खुर्ची बघितली."

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. खाली रस्त्यावर कोणीतरी छत्री झटकली. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर जन्मात नाही, हे तिला कळत होतं, आणि जीव मुठीत धरून ती बोलली.

"मला तुम्ही आवडता. काम झालं तरी मला दर बुधवारी तुम्ही हवे आहात. मंगळवारीही चालेल."

त्याचा हात पायरीवरून चाचपडत आला, तिच्या हाताला लागला आणि तिथंच राहिला. बोटं गार होती.

"मी पहिल्या दिवशीच पास करू शकलो असतो," तो म्हणाला. "नियम मीच कडक केले. मला बुधवार हवे होते." मग तिच्याकडे वळून, "भागूबाई, मला आता खरंच भीती वाटतेय."

"कसली?"

"सगळं इतकं चांगलं चाललंय. इतके सिनेमे ऐकलेत मी. नेमकं अशाच वेळी काहीतरी होतं."

तिनं वळून वर पाहिलं, मग कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. अगदी नीट, कोपरे न् कोपरे.

"वर कोणी नाही," ती म्हणाली. "खाली कोणी नाही. जिन्यात आपण दोघंच आहोत. मी तुझा हात धरलाय, आणि मी कुठंही जात नाहीये."