कोऱ्या बाटलीतलं शिसं

ब्लँकमध्ये शिसं निघालं.

शशिधर हेब्बाळेंनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, तीच बाटली पुन्हा लावली. आकडा तोच. नोव्हेंबर १९९९मधला शनिवार. प्रयोगशाळेत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःलाच म्हणाले, "मेलो आता."

काम तसं साधं होतं. एका कागद कारखान्याच्या बॉयलरमधली कोळशाची राख काचेच्या तीन नळ्यांत भरायची, वरून शुद्ध पाणी थेंबथेंब सोडायचं आणि खाली झिरपलेल्या पाण्यात कोणते जड धातू उतरतात ते बघायचं. चौथी बाटली ब्लँक. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. राखेशी तिचा संबंधच नाही, म्हणून तिच्यात काही निघता कामा नये. निघालं, तर सगळी चाचणी मातीमोल.

आणि चाचणी गेली, की ती राख उचगावाकडच्या जुन्या खाणीत ओतायला कारखाना मोकळा. खाणीला लागून एक विहीर आहे. विहिरीवर चाळीस घरं. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या सरुबाईंचं घर त्यातलंच एक.

प्रयोगशाळेचे मालक शिवप्रसाद तासाभरात हजर झाले.

"किल्ल्या कुणाकडं?"

"तुमच्याकडं, माझ्याकडं, सरुबाईंकडं."

"आणि तो कृष्णात? कारखान्याचाच ड्रायव्हर. राखेची पोती तोच आणतोय न्हवं?"

कृष्णातला बोलावणं गेलं. तो आला तो भांडायच्या तयारीनंच.

"पोती कुठं उतरतोस?" शशिधरनी विचारलं.

"व्हरांड्यात."

"आत कधी आलास?"

"कवा न्हाय. सरुमावशी चा देतीया, तो बी भाईर. आन सायेब, खाणीजवळच्या वस्तीत माझा मामा ऱ्हातोय. मामाच्या हिरीत इख कालवू व्हय मी?"

शिवप्रसादना पटलं नाही. त्यांना चोर आयताच हवा होता. "सोमवारी कारखान्याची माणसं येणार. तोवर नाव द्या, न्हाईतर अहवाल फाडा," असं बजावून ते गेले.

रविवारी शशिधर प्रयोगशाळेतच बसले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा मशीन बरं. आकडा तरी सांगतं.

बाटल्या साठवून शेवटी एकदम तपासायची इथली पद्धत. आता त्यांनी सगळे ब्लँक तारखेनं मांडले. गणपतीपर्यंतचे स्वच्छ. दसऱ्यापासूनचे सगळे खराब. मग शुद्ध पाण्याच्या त्याच कॅनमधलं पाणी त्यांनी खोक्यातल्या कोऱ्या बाटलीत भरलं आणि तपासलं. काही नाही. म्हणजे पाणी निर्दोष, दोष बाटलीचा. जुनी बाटली उजेडात धरली, तर आतून बारीक ओरखडे.

ते मोरीत गेले. साबणाचा कॅन भरलेला होता. त्यामागं डालड्याचा डबा, डब्यात करडी राख. पिठासारखी मऊ, कोळशाचा एक तुकडा नाही. चिमूटभर पाण्यात टाकली, तर थोडी वर तरंगत राहिली.

शशिधर मोरीच्या कट्ट्यावर बसले. एक गोष्ट त्यांना दीड-दोन महिने खटकत होती, पण विचारायची राहून गेली होती. गणपतीपर्यंत सरुबाई दोन भाकऱ्या आणायच्या. एक स्वतःला, एक न विचारता शशिधरच्या टेबलावर. हल्ली त्या बेकरीचा पाव चहात बुडवून खात होत्या.

सोमवारी सगळे जमले. कारखान्याचे पिराजीराव खुर्चीत रेलून बसले. सरुबाई दाराशी उभ्या होत्या.

"ब्लँकमध्ये कुणी काही मिसळलं नाही," शशिधर म्हणाले. "बाटल्या राखेनं घासल्या गेल्या. सरुबाई, तुम्ही पहिल्यापासून राखेनंच घासता ना?"

"व्हय की. साबणानं काच लख्ख हुत न्हाय. घरात भांडी बी राखंनंच घासतोय."

"पण चुलीच्या राखेत कोळशाचे तुकडे असतात. हिच्यात एकही नाही, आणि हिचे पोकळ बारीक कण पाण्यावर तरंगतात. डब्यातली राख बॉयलरची आहे. बाटलीच्या बुडाशी दोन कण राहिले, वरून आम्ही आम्ल घालतो, की शिसं पाण्यात उतरतं. घरची राख कधी संपली?"

सरुबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "गणपती झाले आन पोरगा-सून पुण्याला गेली. एकटीसाठी चूल कशाला पेटवू? चूल न्हाय तर राख कुठली? व्हरांड्यात पोती हुती. राख ती राख."

पिराजीराव हसले. "म्हणजे चाचणी बाद."

"नाही. नळ्यांतून पाणी अजून झिरपतंय. काल कोऱ्या बाटल्यांत नवे नमुने घेतले. ब्लँक स्वच्छ. तिन्ही नळ्यांत शिसं, मर्यादेच्या चौपट. आणि दोन कणांनी एवढं शिसं सोडलं, तर खाणीतले हजार टन काय सोडतील?"

पिराजीरावांचं हसू मावळलं. "मग बाटल्या कुणी बिघडवल्या ते नावानिशी लिहा. न्हाईतर हा अहवाल आम्ही मानणार नाही."

शशिधरनी शिवप्रसादांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. शशिधरनी नाव लिहिलं आणि खाली सही केली.

दुपारी शिवप्रसादनी सरुबाईंना हिशोब देऊन टाकला. नाव कागदावर गेलं, आता इलाज नाही म्हणाले. शशिधर फाटकापर्यंत सरुबाईंच्या मागं गेले. लाज वाटत होती.

"हिर वाचली न्हवं सायेब?"

"वाचली."

"मग नाव लिवलासा ते बरं केलासा. माझ्या मनात काय बी न्हाय." त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पर उद्यापासनं दिसभर घरात मी बोलू कुणासंगं, तेवढं सांगा की."