परीक्षकाची मात्रा

‘परीक्षार्थी मात्रा मोजत नाही, परिणामी समेवर एक मात्रा आधीच आली. अनुत्तीर्ण.’ शेऱ्याखाली सही होती लयशास्त्राचे विद्वान डॉ. अवधूत दांडेकर यांची. पूर्वार्ध खरा होता. प्रांजल मोजत नव्हतीच; डोळे मिटून तबला वाजवत ती समेवर अचूक उतरली होती. मोजत होता तो अवधूत. आवर्तन धरून ठेवणारा पेटीवाला न आल्याने तो हातावर ताल धरून बसला आणि त्याच्याच हातून एक मात्रा गळली. हे त्याला तत्क्षणी कळले. तरी चूक त्याने तिच्या आसनक्रमांकावर नोंदवली. विद्वत्तेची ही सोय फार जुनी आहे.

तीन आठवड्यांनी कोन नावाच्या गावात, सहकारी कमळाकरच्या पुतणीच्या हळदीला, तो मांडवात शिरला आणि थबकला. ढोलकीवर प्रांजल होती.

“अगो बाय, परीक्षक सर! जेवलात, का घास पन मोजताय?”

बायका खिदळल्या. अवधूतचे कान तापले. तिने ढोलकी सरळ त्याच्या मांडीवर ठेवली.

“मी... तबला—”

“चामडं दोन्हीला हाय.”

शेजारी बसलेल्या शांतीकाकू हळदीचे गाणे गाऊ लागल्या. अवधूत आठ-आठ मोजत निघाला. काकू मध्येच दमल्या, थांबल्या, आणि हा एकटाच पुढे गेला. पुन्हा हशा.

“मोजू नका, सर. काकूंच्या खांद्यांकडं बघा... श्वास घेतला, का हात आपसूक पडंल.”

त्याने पाहिले. आकडे विरघळले. लयीच्या पंधरा वर्षांच्या अभ्यासात प्रथमच हात विचाराच्या आधी पोचला — आणि बरोबर पोचला.

“जमला की!” तिचा हळदीचा तळवा त्याच्या बोटांवर क्षणभर टेकला. मग ती हळूच म्हणाली, “सोमवारी शाळेतली संगीताची जागा भरतील. सर्टिफिकेट नाय, म्हंजे ती गेली. पन चुकले आसंन मीच... तुमी खोटं कशाला लिवाल?”

ती रागावली असती तर त्याला सोसले असते. या विश्वासाने मात्र त्याची मान खाली गेली. त्याने कागद मागितला, परीक्षा मंडळाच्या नावे लिहिले, सही केली आणि आधी तिच्यासमोर धरला.

वाचता वाचता ती लाजली. “शेवटचं वाक्य पन... मंडळाला धाडनार?”

“हो. ते गाळलं, तर उरलेलंही खोटंच.”

कागदावर होते :

“प्रांजल समेवर होती, चुकलो मी, आणि ते मला त्याच क्षणी कळले होते. माझी लाज झाकण्यासाठी मी तिला अनुत्तीर्ण केले. मात्रा गळली, कारण मी तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहत राहिलो होतो.”