मार्तंडकाकांची हार्ड डिस्क

हसायचं तर हसा, पण यातलं एक अक्षर खोटं असेल तर माझी जीभ झडो. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, गजाननच्या बाबतीत घडलंय हे. जुना जालना, साल २००४, पौषातली अमावस्या, दिवेलागणीची वेळ.

गल्लीत गजाननचा तोरा काय विचारता! कुणाचाही कंप्युटर बिघडला की बोलवा गजाननला. शिकवलं होतं शेजारच्या मार्तंडकाकांनी. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी कंप्युटरला माइक लावून शैलाकाकूंसाठी आवाज भरून ठेवला होता. काकूंनी तो मुद्दाम ऐकला नव्हता. वर्षश्राद्धाला ऐकणार होत्या, लेकीला, रजनीला, शेजारी बसवून.

आणि ऐन वेळी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली.

"काकू, बिलकुल टेन्शन न्हाई. नवी डिस्क टाकू, जुनीतलं सगळं तिच्यात उतरवू."

उतरलंही बराबर. पण काकांच्या कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. ते सुरू करून देणारा बूटलोडर डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसतो. तेवढाच नव्या डिस्कवर आला नाही.

काळी स्क्रीन. कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर...

काकांनी शिकवलं होतं ते विंडोजच; लिनक्समधलं गजाननला ओ की ठो कळत नव्हतं. "येत न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. पण काकू आशेनं बघत होत्या, आणि त्याला लाज वाटली.

"काकू, काकांनीच कायतरी उलटंसुलटं करून ठेवल्तं बघा. त्याच्यात आता काहीच राह्यलं न्हाई."

काकू भिंतीला टेकल्या.

"असंल बाबा. शेवटी शेवटी हात लई थरथरायचा त्यांचा."

तेवढ्यात लाइट गेली. काकू मेणबत्ती आणायला आत गेल्या.

पंखा बंद. कंप्युटर बंद. सगळं चिडीचूप...

आणि स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं.

बोलायच्या आधी काका खाकरायचे, अगदी तसंच.

"गजा..."

पुढं काहीच नाही. आवाज उत्तराची वाट बघत होता.

गजानन चपला तिथंच टाकून पळाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं औरंगाबादच्या मित्राला फोन लावला. मित्र हसला.

"येड्या, डिस्कवरचं कायबी गेलं न्हाई. सीडीवरून लिनक्स चालू कर अन् बूटलोडर परत लिही. झालं!"

एवढंसं काम! आणि त्यासाठी गेलेल्या माणसावर आळ घातला. गजाननला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्यानं ते काम केलं. लिनक्स सुरू झालं. "जमलं, काकू," एवढंच तो बोलला. आळ मागं घ्यायला तोंड उघडेना.

जेवणं झाल्यावर रजनीनं आवाज लावला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. रजनी हसता हसता रडायला लागली.

"आई, किती साफ आवाज गं बाबांचा!"

गजाननला मात्र...

काहीच ऐकू येईना.

त्यानं वायर दाबून बघितली. स्पीकरला कान लावला. आतून नुसती घरघर. साळूबाई शेजारीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. तिलासुद्धा ऐकू येत होतं!

मग काकूंनी एकदम वळून बघितलं.

"गजानन, तुझं नाव घेतलं रे! काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"हो, काकू."

काकांनी काय म्हटलं ते गजाननला आजही माहीत नाही. विचारायचं तर ऐकू आलं नाही हे कबूल करावं लागेल. काकूंच्या दारापर्यंत जातो... आणि तसाच परत येतो.