एकोणीस नंबरच्या जागी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. माझं नाव आशुतोष. चिप बनवणाऱ्या मशीनचे सेन्सर तपासणं हे माझं काम. मागच्या जूनपर्यंत भुतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टर उडवायचो.

आता नाही उडवत.

गुरुवार होता. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातलं आमचं घर, संध्याकाळचे सहा, आणि बाहेर लख्ख ऊन. इथे जूनमध्ये दहापर्यंत अंधार पडत नाही. तेव्हा अंधारात भास झाला असेल, असं कृपा करून म्हणू नका.

शनिवारी आई-बाबा पुण्याहून यायचे होते. त्यांच्यासाठी माळ्यावर खोली करून घेत होतो. काम कुगनकडे होतं. श्रीलंकेचा तमिळ, पंचेचाळिशीचा, मोजकं बोलणारा. तरुणपणी तो तिकडच्या बंडखोरांत लढला होता. युद्ध संपल्यावर दोन वर्षं पुनर्वसन शिबिरात कोंडलेला. सुतारकाम तिथेच शिकला. चहा पिताना एकदा त्यानेच सांगितलं होतं.

त्याची एकच अट होती. पावणेसहाला काम बंद. सहा वाजता तो बंद दाराआड थांबायचा नाही, बागेत जाऊन उभा राहायचा. माझी बायको उत्तरा म्हणायची, "असेल काहीतरी, तुला काय करायचंय?" मी हसायचो.

त्या दिवशी माळ्याचं दार तेवढं बसवायचं राहिलं होतं. उत्तरा आर्नहेमच्या ऑफिसात. सहा वर्षांची ईशानी खाली कार्टून बघत होती. शेगडीवर कुकर होता.

"दार नीट बसतंय का, एवढं बघून जा," मी कुगनला म्हणालो.

त्याने घड्याळ बघितलं. "उद्या करतो, सर."

"उद्या कशाला? दोन मिनिटांचं काम. मी आहे ना!"

आणि मीच दार आतून ढकलून लावलं.

चर्चच्या घंटा वाजल्या. सहा.

दार उघडायला गेलो... हललंच नाही.

त्या दाराला अजून कडी नव्हती. कुलूप नव्हतं. हँडलच्या जागी नुसतं भोक होतं. मी त्यात बोटं घालून ओढलं, चौकटीला पाय लावून ओढलं.

छताची खिडकीही उघडेना. फोन खाली चार्जिंगला.

मग खालचं कार्टून थांबलं... कुकरची शिट्टी सुरू होता होता तुटली.

"ईशानी!"

उत्तर नाही. बाहेरचे पक्षीही गप्प.

आणि भिंतीतून एका पुरुषाचा आवाज आला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा... भाषा कळत नव्हती, पण आकडे मोजतायत हे कळत होतं.

कुगन भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. हात मागे. चेहरा घामाने भिजलेला.

"शिबिरात सहाला मोजणी व्हायची," तो पुटपुटला. "आम्ही तेवीस जण. प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. एक जरी कमी पडला तर दार उघडायचं नाही. पाणी नाही, जेवण नाही. एकोणीस नंबरचे मास्तर तापाने पडले. त्यांचा आवाज फुटेना. मी अठरा. चार दिवस दोन्ही नंबर मीच ओरडलो. मोजणीत सगळे ठणठणीत, सर... म्हणून डॉक्टर आलाच नाही."

सतरावा आवाज झाला.

कुगनने आपला नंबर ओरडला.

मग शांतता...

"म्हण की एकोणीस!" मी त्याला गदागदा हलवलं.

"नाही. इतकी वर्षं म्हणत आलो. आता नाही म्हणणार."

खाली माझी पोर एकटी होती. शेगडी चालू होती. दार हलत नव्हतं.

लहानपणी आईने शंभरदा बजावलं होतं, कोण बोलावतंय ते कळल्याशिवाय ओ द्यायची नाही. मी तर दुसऱ्याच्या नावाने ओ दिली.

"एकोणीस!" मी मराठीतच ओरडलो.

पुढचे चार आवाज भराभर झाले. दार आपोआप उघडलं. खाली कुकर शिट्टी देत होता.

ईशानी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. एका बाजूला सरकून... शेजारी कुणाला जागा दिल्यासारखी.

"बाबा, त्या काकांना खूप ताप होता," ती नेहमीसारखं इंग्लिशमध्ये म्हणाली. "ते म्हणत होते, डॉक्टरला बोलाव. मग तू वरून ओरडलास... आणि ते गप्प झाले."

कुगन हत्यारं तशीच टाकून निघून गेला. तीन आठवड्यांनी मेसेज आला, 'सर, माझी मोजणी थांबली. मला माफ करा.' त्यानंतर तो फोन उचलत नाही.

थांबली कसली? माझ्याकडे आली.

सहा वाजता मी ज्या बंद दाराआड असेन ते उघडत नाही. ऑफिसची मीटिंग रूम, बाथरूम, कुठलंही. आवाज सुरू होतात आणि एकोणीसपाशी थांबतात. मी नंबर म्हणतो. दार उघडतं. आणि दर वेळी मला ठाऊक असतं, कुठेतरी एक आजारी माणूस पुन्हा ठणठणीत ठरला.

मागच्या मंगळवारी ठरवलं, आज बोलायचं नाही. त्या माणसाला एकदा तरी आजारी असू दे. ईशानीला शाळेतून घेऊन सहाच्या आत घरी पोचून अंगणात उभा राहणार होतो. ट्रॅफिक लागला. गाडी दारात लावली आणि घंटा वाजल्या. चारही दारं घट्ट. अठरा झाले... मी ओठ चावून बसलो. किती वेळ गेला, माहीत नाही. काचांवर आतून वाफ धरली.

मागच्या सीटवरून ईशानी हळूच म्हणाली, "बाबा, शॅल आय से इट?"

मी तिच्या आधी ओरडलो.

दारं उघडली. तिच्या शेजारी कुणीतरी खोकलं, आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांकडे फोन केला. म्हटलं, एका माणसाला ताप आहे, बरेच दिवस झाले. तिथल्या बाईंनी विचारलं, पेशंटचं नाव?

मी फोन ठेवला. मला फक्त नंबर माहीत आहे.