तारेच्या आतली बारा घरं

शिडीवरच्या माणसाने तार कापली आणि खाली उभी असलेली शिंपीण ओरडली.

"अहो, काय केलंत हे?"

"काम," तो वरूनच म्हणाला. "मेलेल्या तारा काढायचा हुकूम आहे. हिच्यातून वीज जात नाही, फोन जात नाही. हिच्यातून काहीच जात नाही."

"शनिवारी माझे आजोबा जातात."

तो शिडीवरून खाली वाकला. "तारेवरून?"

"चाकाच्या खुर्चीतून. आधी खाली उतरा, मान दुखतेय माझी."

तो उतरला. हातात पक्कड, भुवईवर धूळ. मग तिने त्याला सांगितलं. वस्ती ज्यूंची. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, तो शनिवारच्या अंधारापर्यंत. तेवढ्या वेळात घरातली वस्तू रस्त्यावर न्यायची नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, कडेवरचं मूल नाही... आणि खुर्चीत बसलेला म्हाताराही नाही. पण सगळ्या वस्तीभोवती खांबांवरून तार फिरवलेली असली, की आतलं सगळं एकच घर धरतात. मग घरातल्या घरात काहीही न्या.

"आणि मी घराची भिंत पाडली."

"पाडलीत. आज शुक्रवार, सूर्य मावळायला चार तास आहेत."

त्याने शिडी पुन्हा खांबाला लावली. "आमच्या साहेबांना सांगू नका," एवढंच म्हणाला.

एके काळी ती तार तपासायला चार माणसं लागायची. पणजोबांच्या पिढीने बोटीतून उतरताना शिवणयंत्रं पाठीवर आणली, आणि वीस वर्षांत इथे पाय ठेवायला जागा राहिली नाही. सात शिंपी, दोन छापखाने, आपल्या भाषेतलं नाटकगृह. बायका खिडकीतून खिडकीशी भांडायच्या. मग पोरं शिकली, पैसा आला, एकेक घर दुसऱ्या शहरात, समुद्रापलीकडे गेलं. नाटकगृहाचं गोदाम झालं. आजोबांचे पाय गेल्यापासून तार बघायचं काम नातीकडे आलं. दर शुक्रवारी दोन तास ती मान वर करून चालायची. वस्तीतल्या सगळ्या छपरांची तिला ओळख होती. माणसं भेटायचीच नाहीत. शिवणयंत्राचा आवाज थांबला, की घरात आजोबांच्या खोकल्याशिवाय काही ऐकू येत नसे, आणि तोही थांबला की ती उगाच कात्री वाजवायची.

पुढच्या शुक्रवारी शिडीवाला कोपऱ्यावर उभा.

"कापायला आलात?"

"बघायला. माझी गाठ टिकली का ते."

तो तिच्याबरोबर पूर्ण फेरा चालला. वारा सुटला होता, तिचे केस सारखे डोळ्यांवर येत होते.

"तार वर आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

तरी त्याची मान काही वर गेली नाही. त्या दिवशी फेऱ्याला तीन तास लागले.

असे बरेच शुक्रवार गेले. थंडीत त्याने गल्लीच्या टोकाला बंद छापखान्यावरची खोली भाड्याने घेतली. "कामाजवळ पडतं," म्हणाला. काम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिने ते विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही... 'अहो' मात्र मध्येच कुठेतरी गळून पडलं.

मग एक दिवस तो फेऱ्यात काहीच बोलेना.

"काय झालं? तोंडात खिळे धरलेस का?"

"खांब काढणार आहेत. सगळे. महिन्याभरात तारा जमिनीखालून."

ती चालायची थांबली. खांब नाहीत तर तार नाही. तार नाही तर शनिवारी आजोबा चार भिंतींत. आठवड्यातून तो एकच दिवस त्यांना माणसं दिसायची, प्रार्थनाघरातले त्यांच्याच वयाचे अकरा म्हातारे. समुद्रापलीकडून बहिणीची पत्रं येत होती, दोघं इकडे या म्हणून. आजोबांचं उत्तर ठरलेलं: "माझ्या बापाने एकदा समुद्र ओलांडला, तेवढं घराण्याला पुरे."

रात्रभर विचार करून सकाळी तिने कापडाच्या मेजावर खडूने वस्तीचा नकाशा काढला. शिडीवाल्याला बोलावलं.

"माणूस वाळला की अंगरखा टाकून देत नाहीत," ती म्हणाली. "उसवायचा आणि आत घ्यायचा. बारा घरं उरलीत. खांब कशाला, भिंतींवरून तार नेऊ."

"आणि माझी खोली?"

खुर्चीतले आजोबा खोकले. "हा आत राहणार असेल तर एक नियम आहे. परक्या धर्माचा माणूस तारेच्या आत राहत असला, तर त्याची संमती घ्यावी लागते. त्याने ती काढून घेतली, की आमची तार फुकट. काय रे, देशील?"

शिडीवाल्याने खडूच्या रेघा बोटाने मोजल्या. "शुक्रवारी तार ओढतो," म्हणाला आणि निघाला. तिला ते लागलं.

शुक्रवारी दुपारी त्याने तार ओढली. भिंतीवरून भिंतीवर, बेकरीवरून प्रार्थनाघरावर. शेवटच्या कोपऱ्यावर ती बघते तर तार अलीकडेच वळलेली.

"तुझं दार बाहेर राहिलं."

"मुद्दाम ठेवलं."

"का? संमती द्यायला जड गेलं?"

"आजोबांना बाहेर पडायला माझी परवानगी लागावी, हे मला बरं वाटत नाही. आणि... उद्या मी काही मागितलं, तर त्यांना वाटायला नको की तार मुठीत धरून मागतोय."

"काय मागणार आहेस?"

"शिडी धर जरा. हलतेय."

शिडी अजिबात हलत नव्हती. तिने ती धरली.

शनिवारी सकाळी प्रार्थना झाली. म्हातारे आपापल्या घरी गेले, दारं लागली. रिकाम्या गल्लीत खुर्चीच्या चाकांचा तेवढा आवाज. ती ढकलत ढकलत टोकाशी आली. डोक्यावर तार. पलीकडे वीस पावलांवर छापखान्याची पायरी, पायरीवर तो एकटा बसलेला.

"थांब," आजोबा म्हणाले. "खुर्ची इथून पुढे जात नाही."

"परत वळू?"

"खुर्ची जात नाही म्हटलं मी. तू कुठे खुर्ची आहेस?" त्यांनी डोळे मिटले. "मला इथे ऊन चांगलं लागतंय. घाई नाही."

तिने खिसे चाचपले. शिंपिणीच्या खिशात नेहमी काहीतरी असतंच, पण शब्बाथला नाही. मग ती तारेखालून गेली. वीस पावलं फार लांब वाटली.

तो उठून उभा राहिला.

"तुझ्यासाठी काही आणता आलं नाही," ती म्हणाली. "आज तारेबाहेर हातात काही आणायचं नसतं."

"मग रिकामा हात चालेल का... मागितला तर?"

तिने मागे पाहिलं. आजोबांचे डोळे मिटलेलेच होते, जरा जास्तच घट्ट.

तिने हात पुढे केला.