चौघांचा पैरा

बनुबाईला अक्षर येत नव्हतं, पण येरळेकाठच्या अख्ख्या वाडीचा पैरा तिच्या तोंडावर होता. तुम्ही माझ्या रानात एक दिवस राबा, मी तुमच्या रानात एक दिवस राबते, हा पैरा. कुणाचा दिवस कुणाकडे राहिलाय, जेवायला कोण पुढे नि कुदळीला कोण मागे, सगळं ती बांधावर बसून सांगायची. तिच्या घराकडे मात्र कुणाचा दिवस कधी राहिला नव्हता.

सेहेचाळीसच्या माघात तिचा सयाजी ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परत आला. अंगावर ओरखडा नव्हता. पण ताट पडलं की तो भुईला चिकटायचा. बोलायचा नाही. जेवताना भाकरीचे पाच तुकडे करून एकच खायचा. भावकीनं ताईत सुचवला, सासू व्हायला टपलेल्या दोघींनी लग्न सुचवलं. चैत्र लागला तशी बनुबाईनं त्याच्या हातात कुदळ दिली.

"वरलं रान हरळीनं खाल्लंय," ती म्हणाली. "जमंल तेवढं खण. न्हाई जमलं तर लिंबाखाली नीज."

पहिल्याच दुपारी शेजारचा नानासो बांधावरून ओरडला, "वैनी, किती गडी लावलं?"

"एकच. माझा."

"मग त्यो काय खातो त्ये मला बी सांगा. पाच गड्यांचं रान उलथलंय!"

बनुबाई बघायला गेली. सयाजी एकटाच खणत होता. ढेकळं मात्र एका हाताची नव्हती. खणणी बघून माणूस ओळखणारी बाई ती. एकजण डावरा होता. एकजण घाईचा. दोघे बेताचे, पण नेटाचे.

"कोण आलं हुतं रं?"

"माजं सोबती. चौघं," सयाजी म्हणाला. "पैऱ्याला."

दोन महिन्यांतले हे त्याचे पहिले शब्द. बनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. लेक बोलतोय, मग साक्षीपुरावा कशाला मागा?

दुसऱ्या दिवशी तिनं पाच भाकरी नेल्या. चार बांधावर ठेवल्या, पाचवी सयाजीला दिली. त्यानं ती अख्खी खाल्ली. विहिरीवरून घागर भरून ती परतली तर बांधावरच्या चारही जशाच्या तशा. उचलून बघितल्या, तर वाळक्या पाचोळ्यासारख्या हलक्या.

असं चार दिवस चाललं. रान संपलं. सयाजी बैलाला शिव्या देऊ लागला, नानासोच्या मिशीवर हसू लागला, रात्रभर झोपू लागला. पैऱ्याच्या गड्यांना निरोपाचं बोलल्याशिवाय वाटेला लावायचं नसतं. बनुबाई रिकाम्या रानाकडं तोंड करून म्हणाली, "लेकरांनो, लय केलंत. तुमच्याकडं काम निघालं की सांगा. आमच्या घरचं माणूस यील."

सयाजीचं हसू जागीच विझलं.

"आये, असं का म्हनालीस?"

"तसंच म्हणत्यात की रं."



पाचव्या दिवशी ऐन दुपारी तो पलटणीतले बूट चढवून अंगणात उभा होता. खांद्यावर कुदळ.

"कुठं?"

"बोलावनं आलंय. खणाय जायाचं."

"कसली खणणी?"

"चार खड्डं." तो उगवतीकडं बघत होता. "चौघं उघड्यावरच ऱ्हायलं, आये. माती द्याला आमी थांबलोच न्हाई."

"परत कवा येशील?"

सयाजीनं नकारार्थी मान हलवली.

बनुबाई उठली. त्याच्या खांद्यावरची कुदळ तिनं काढून घेतली.

"पैरा घराचा असतो, गड्याचा न्हवं. आन् बोल माझा हुता. तू चुलीवरली आमटी बघ. करपली तर बघ मग."

ती रानाच्या वाटेनं गेली. नानासोनं तिला बांध चढताना पाहिलं. उतरताना नाही.

दिवेलागणीला ती आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काळ्या चिखलानं जड झालेलं. येरळा फाल्गुनातच आटली होती.

सयाजीनं पाणी दिलं. मग त्याचं लक्ष तिच्या घोट्याकडं गेलं. अंगठ्याएवढी जळू रक्त पिऊन टम्म फुगली होती. त्यानं चिमूटभर मीठ आणलं, सवयीच्या हातानं टाकलं. जळू गळून पडली.

"किती झालं, आये?"

"एक." बनुबाईनं तांब्या खाली ठेवला. "लय तरणं हुतं रं."